मे महिन्यातली विहीर सांगेल खोल्या किती

प्रश्न थोडक्यात असा आहे: देवगड तालुक्यात समुद्राकडे पाहणाऱ्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, पाच एकर जागा घेतली आहे. तिथे बावीस खोल्यांचे आलिशान रिसॉर्ट बांधायचे आहे आणि ते पर्यावरणपूरक हवे आहे. आराखड्यात पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, कड्यावर इन्फिनिटी पूल (काठ न दिसणारा पोहण्याचा तलाव), मधोमध लॉन, छतावर सोलर पॅनेल आणि स्वागतकक्षाला बांबू दाखवला आहे. हे खरोखर पर्यावरणपूरक होईल का, आणि एसी कमी केला तर पैसेवाला पाहुणा येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी वास्तुविशारद आहे. गेली सव्वीस वर्षे कोकणात आणि गोव्यात घरे, होमस्टे आणि काही रिसॉर्टे बांधत आलो आहे. तुमच्या प्रश्नातली तळमळ मला खरी वाटली, म्हणून उत्तर आडपडदा न ठेवता देतो. आराखड्यातला बांबू आणि सोलर पॅनेल काढून टाकले तरी फारसे बिघडणार नाही, आणि ठेवले तरी फारसे सुधारणार नाही. या जागेचे भले-बुरे ठरेल ते खोल्या किती, त्या सड्यावर कुठे बसवल्या आणि सांडपाणी कुठे गेले, या तीन गोष्टींवर. तिन्ही निर्णय पहिली वीट लागण्याआधीचे असतात आणि नंतर पैसे ओतूनही ते बदलता येत नाहीत.

पाण्यापासून सुरुवात करू. राष्ट्रीय बांधकाम संहिता चार तारे आणि त्यापुढच्या हॉटेलासाठी माणशी रोज ३२० लिटर पाणी धरते. त्यात लाँड्री, स्वयंपाकघर, कर्मचारी आणि पोहण्याचा तलाव धरलेलेच नाहीत. बावीस खोल्यांत प्रत्येकी दोन माणसे म्हटली तर पाहुण्यांचेच १४ हजार लिटर होतात. त्यात चादरी-टॉवेल, मुदपाकखाना, पस्तीसेक कर्मचारी, तलाव आणि लॉन घातले की आकडा सहज ३० हजारांवर जातो. एप्रिल-मे या दोन महिन्यांना मिळून १८ लाख लिटर. टँकर १० हजार लिटरचा धरला तर रोज तीन टँकर, तेही गावातल्या बायका व्हाळात, म्हणजे ओढ्यात, झिरा उकरून कळशी भरत असताना. ते पाणी कोणाच्या तरी विहिरीतून येणार. पाणी तसे आणायचे असेल तर छतावर कितीही पॅनेल बसवा, मी त्या रिसॉर्टला पर्यावरणपूरक म्हणणार नाही.

आता उलट्या बाजूने हिशेब करून पाहा. देवगडच्या किनाऱ्यावर वर्षाला साधारण अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सगळ्या इमारतींची मिळून १,५०० चौरस मीटर छपरे असतील आणि पाऊस अडीच हजारच धरला, तर त्यावर ३७ लाख लिटरांहून अधिक पाणी पडते. गळती, उडणे, पहिल्या पावसाचे सोडून द्यायचे पाणी वजा जाता ३० लाख तरी हाती लागते. अडचण पाणी मिळण्याची नाही, ते मेपर्यंत ठेवण्याची आहे. १० लाख लिटरची टाकी म्हणजे २० मीटर लांब, १७ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. पाच एकरांत ती बसते. आधीच खणलेली चिऱ्याची (जांभ्या दगडाची) जुनी खाण जागेत किंवा शेजारी असेल तर तिचाच उपयोग करा, मात्र तळ आणि भिंती पाणबंद करून आणि वर सावली देऊन, नाहीतर निम्मे पाणी खडकात मुरेल आणि काही उडून जाईल.

आता खोल्या बाराच धरल्या, लॉन काढून टाकले आणि फ्लशला व झाडांना धुण्या-आंघोळीचे पाणी शुद्ध करून वापरले, तर रोजची गरज १४ हजार लिटरच्या आसपास येते. एप्रिलच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंतच्या पंचाहत्तर दिवसांना साडेदहा लाख लिटर लागतात. टाकी जवळपास पुरते, उरलेले तुमची विहीर देते. म्हणून माझ्याकडे कोणी रिसॉर्टचे काम घेऊन आले की मी आधी मे महिन्यात विहिरीची उपसा चाचणी करायला लावतो. किती तास उपसले की तळ दिसतो आणि पाणी परत चढायला किती वेळ लागतो, हे दोन आकडे हातात आले की खोल्या किती ते ठरते. बोअरवर मात्र भिस्त ठेवू नका. समुद्राजवळ जास्त उपसा केला की गोडे पाणी मागे सरते आणि खारे पुढे येते, आणि एकदा खारे झालेले बोअर गोडे व्हायला वर्षानुवर्षे लागतात. शेजाऱ्याचे बोअर त्यासोबत खारे होते ते वेगळेच.

कायद्याचाही यात भाग आहे. १८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांसाठी अटी दिल्या आहेत: भूखंड किमान ०.४ हेक्टर, चटईक्षेत्र निर्देशांक (सगळ्या मजल्यांचे बांधकाम भागिले भूखंड) ०.३३ पेक्षा जास्त नाही, उंची ९ मीटरपर्यंत, आणि भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसायचे नाही. तुमची जागा सड्यावर असल्यामुळे ती किती या पट्ट्यात येते ते अधिकृत नकाशावरून मोजून घ्या. पण नियमात बसते म्हणून जागेला झेपते असे होत नाही. ०.३३ निर्देशांकाने पाच एकरांत शंभर खोल्याही कागदावर बसतील, तेवढ्यांना पुरेल इतके पाणी त्या जागेत नाही.

सड्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण शहरातून आलेल्या माणसाला सडा म्हणजे पडीक माळ वाटतो. मार्चमध्ये पाहिलात तर काळाकभिन्न तापलेला कातळ, गवताची काडी नाही. त्याच कातळावर ऑगस्टमध्ये जा. बोटभर मातीच्या खळग्यांत सीतेची आसवे फुललेली असतात, दवबिंदूची तांबूस पाने चिकट थेंब घेऊन बसलेली असतात, डबक्यांत बेडकांची अंडी असतात. ही झाडे त्या पातळ, निकस मातीवर जगायला शिकलेली आहेत. ट्रकने लाल माती आणून पसरली आणि वर लॉन लावले की ती कायमची संपतात. याच कातळावर कोकणातली कातळशिल्पे कोरलेली आहेत. २०२२ साली त्यांतली काही युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यात सिंधुदुर्गातले कुडोपी आहे. तुमच्या जागेत जेसीबी जाण्याआधी एकदा जाणकार माणसाला घेऊन कातळ झाडून पाहा. मातीखाली चित्र असेल तर ते आपल्या कोणाच्याही आधीचे आहे.

आणि सडा पाणी देतो. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्याच्या भेगांतून, पोकळ्यांतून खाली उतरते, खालच्या चिकणमातीच्या थराला टेकते आणि त्या थरावरून सरकत उताराच्या पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर पडते. पायथ्याच्या वाडीतली विहीर, पोफळीचे आगर, देवळाची तळी या सगळ्यांचे पाणी वरून आलेले असते. सडा सुरुंग लावून सपाट केला, वर काँक्रीट ओतले, की त्या वाडीचे पाणी आटते किंवा वाट बदलते. म्हणून इमारती खांबांवर घ्या, मोजक्या पायांवर टेकवा, पाणी खालून वाहू द्या. रस्ते चिऱ्याचे, सांधे मोकळे ठेवून. गाड्या प्रवेशापाशीच थांबवा. पाच एकरांत प्रत्येक खोलीपर्यंत डांबरी रस्ता नेला तर इमारतींपेक्षा जास्त जमीन रस्त्याखाली जाते.

याच सच्छिद्रपणामुळे सांडपाण्याचा प्रश्न सड्यावर सगळ्यांत नाजूक होतो. इथे मी केलेली चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका छोट्या प्रकल्पात मी सेप्टिक टँकच्या पुढे नेहमीसारखा शोषखड्डा दिला. पाणी छान मुरत होते, सगळे खूश. दुसऱ्या पावसाळ्यात उताराखालच्या घरातली आजी आमच्याकडे तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, वास घेऊन बघा. तिच्या विहिरीत आमचे मैलापाणी पोहोचले होते. मातीत पाणी मुरताना गाळले जाते, जांभ्याच्या भेगांतून ते जसेच्या तसे धावते. आम्ही खड्डा बुजवला, तिची विहीर उपसून स्वच्छ करून दिली, दोन महिने तिला पाणी पुरवले. तेव्हापासून मी जांभ्यावर शोषखड्डा देत नाही. बंद टाक्यांची मालिका, मग आडव्या भिंतींच्या टाक्यांत हवेविना कुजण्याची प्रक्रिया, मग तळाला अस्तर दिलेला खडीचा वाफा, त्यात कर्दळ आणि वेखंड. त्यातून निघालेले पाणी झाडांना. विजेची मोटर बंद पडली तरी हे काम चालू राहते, आणि यंत्रावर चालणाऱ्या प्लँटचे दुर्गम जागी काय होते ते मी फार ठिकाणी पाहिले आहे. स्वयंपाकघराचे तेलकट पाणी यात थेट सोडू नका, त्याला वेगळा सापळा हवाच.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, एसी आणि पाहुणा.

जगभर याचे एक उदाहरण सांगितले जाते आणि मी ते मुद्दाम जाऊन पाहिले आहे: श्रीलंकेत दांबुल्लाजवळचे कंदलामा हॉटेल. वास्तुविशारद जेफ्री बावा. १९१९ सालचा जन्म, आधी वकील, वास्तुविशारद झाला तेव्हा वय अडतिशीला टेकलेले. १९९१ साली हॉटेल कंपनीने त्याला सिगिरियाच्या प्रसिद्ध खडकाजवळची जागा दाखवली. त्याने ती नाकारली. हेलिकॉप्टरमधून प्रदेश पाहिला आणि बऱ्याच अंतरावर, कंदलामाच्या प्राचीन तलावाकाठचा एक कडा निवडला, जिथून पाण्यापलीकडे दूर सिगिरिया दिसतो. वारसास्थळाच्या अंगावर हॉटेल नको, त्याकडे पाहत बसायला हवे. मला वाटते या इमारतीतला सगळ्यांत मोठा पर्यावरणाचा निर्णय हाच आहे आणि तो रेघ ओढण्याआधी झाला.

त्या वेळी विरोधही झाला. तलावाचे पाणी घाण होईल म्हणून गावकरी, भिक्खू, कार्यकर्ते रस्त्यावर आले होते. त्यांची भीती रास्त होती, आणि सांडपाण्याची काळजी तिथे एवढी का घेतली गेली याचे उत्तर मला त्या भीतीत दिसते. १९९४ साली हॉटेल सुरू झाले. १५२ खोल्या, जवळजवळ एक किलोमीटर लांबीची इमारत, आणि तरीही तलावाच्या दुसऱ्या काठावरून ती शोधावी लागते. कडा तोडलेला नाही, इमारत त्याच्या वळणाने गेली आहे. खांबांवर उचललेली असल्यामुळे कड्यावरून येणारे पावसाचे पाणी तिच्या खालून तलावाकडे जाते. आत शिरताना गुहेसारख्या वाटेने जावे लागते, मार्गिकेत मूळ खडक तसाच ठेवला आहे. दर्शनी बाजूला लाकडी पट्ट्यांवर वेली चढल्या आहेत, छतावर झाडे आहेत, आणि सज्ज्यात माकडे बसलेली असतात.

पण तिथून नेमके काय घ्यायचे? तिथल्या खोल्यांना एसी आहे आणि काचही आहे. उघडे आहे ते बाकी सगळे: मार्गिका, जिने, स्वागतकक्ष, बसण्याच्या जागा. हवा थंड करायची ती माणूस झोपतो तेवढीच, उरलेल्या इमारतीत वारा फिरतो. हा हिशेब घ्या. सपाट छत मात्र घेऊ नका. दांबुल्ला श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यात आहे, आपल्याकडे चार महिन्यांत तिथल्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस कोसळतो. कोकणात सपाट स्लॅबवर बाग केली की पाचव्या-सहाव्या पावसाळ्यात खालच्या खोलीत बादली ठेवावी लागते. त्याच बावाने पावसाळी भागात उतरती कौलारू छपरे केली आणि त्यासाठी एक साधी युक्ती रूढ केली: खाली नालीदार सिमेंटचा पत्रा आणि त्यावर अर्धगोल कौले. कौल सावली देते, पत्रा पाणी अडवतो. आज अॅस्बेस्टॉस नसलेला पत्रा मिळतो, तो वापरा.

हवेची गोष्ट समजून घेतली तर खोलीचा नकाशा आपोआप सुचतो. कोकणात उष्णतेपेक्षा दमटपणा छळतो. देशावरची जाड भिंत दिवसा ऊन पिते आणि रात्री थंड होते, कारण तिकडे रात्री पारा खूप खाली येतो. आपल्याकडे मेच्या रात्रीही हवा फारशी उतरत नाही, त्यामुळे पश्चिमेची बिनसावलीची चिऱ्याची भिंत संध्याकाळी तापते आणि मध्यरात्रीपर्यंत पलंगाकडे उष्णता फेकत राहते. वाळ्याचे पडदे आणि कारंजीही इथे कामाची नाहीत. हवेत आधीच ओल भरलेली असताना पाणी उडत नाही आणि गारवा येत नाही. कोकणात गारवा येतो सावलीने आणि वाऱ्याने. जुन्या घरांना हे ठाऊक होते: पुढे पडवी, मग ओटी, आत माजघर, वर माळा. माळ्यावर नारळ, भात आणि जुने सामान असायचे, पण खरे काम तिथली हवा करायची. कौल तापले तरी ती उष्णता माजघरात उतरायची नाही. उन्हाळ्यात खळ्यात नारळाच्या झापांचा मांडव घालायचे, पाऊस जवळ आला की काढायचे. ऋतूप्रमाणे घराचा एक भाग घालावा आणि उतरवावा, हे शहाणपण तुमच्या बारा खोल्यांना जसेच्या तसे लागू आहे.

म्हणून काचेच्या भिंतीबद्दल स्पष्ट सांगतो, ती नको. पश्चिमेची १२ चौरस मीटर काच उन्हाळ्याच्या दुपारी साध्या हिशेबाने चार किलोवॉटच्या आसपास उष्णता आत घेते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे एक एसी फक्त त्या काचेसाठी चालणार. समुद्र दिसायला हवा हे मला मान्य आहे, पैसे त्यासाठीच मिळणार आहेत. पण दृश्य पडवीतून द्या. नऊ-दहा फूट खोल पडवी, पागोळीची, म्हणजे छपराच्या पुढे आलेल्या भागाची, कड सात फुटांवर आणलेली, म्हणजे वरचे पांढरे, डोळ्यांत घुसणारे आभाळ कापले जाते आणि समुद्राची पट्टी उरते. चारनंतरचे तिरपे ऊन खालून शिरते, त्याला बांबूच्या चिकाचे पडदे. झोपाळा तिथे, न्याहारी तिथे, दुपारची डुलकीही तिथे. खोली थोडी वायव्येकडे वळवली तर उन्हाळ्यातला दुपारचा वारा थेट मिळतो. रात्री वारा उलटतो, जमिनीकडून समुद्राकडे जातो, त्यासाठी पूर्वेला उंचावर झरोके हवेत. नैऋत्येच्या बाजूने पावसाचा मारा येतो, तिकडे लाकडी झडपा आणि जास्त रुंद पागोळी. खोल्या एकामागे एक न ठेवता तिरप्या, मागेपुढे सरकवून बसवा, म्हणजे पुढची खोली मागचीचा वारा अडवणार नाही.

झोपण्याची खोली मात्र छोटी करा, चौदा फुटी चौरस, छत नऊ-दहा फुटांवर, त्यावर उष्णतारोधक थर, खिडक्या घट्ट मिटणाऱ्या. तिथे एसी द्या. न्हाणीघर, कपडे बदलण्याची जागा, बैठक सगळे त्याच्या बाहेर, उघडे किंवा अर्धे उघडे. वर पंखा हवाच. अंगावरून सेकंदाला एक मीटर वेगाने वारा गेला तर साधारण तीन अंशांनी गार वाटते, म्हणून २६ वर एसी आणि पंखा लावून पाहुणा शांत झोपतो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. दार उघडे राहिले की एसी बंद करणारा चुंबकी स्विच बसवा, तो स्वस्त आहे आणि महिन्याभरात फरक दाखवतो. आधी गरज अशी खाली आणा, मग सोलर मोजा. एक किलोवॉटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देते, पावसाळ्यात बरेच कमी. बावीस खोल्यांचे एसी दिवसरात्र चालवायला लागणारी पॅनेले ठेवायला वेगळी जमीन लागेल, बारा छोट्या शयनघरांची तुमच्या छपरावर मावतील.

पावसाळ्यातल्या बुरशीबद्दल कोणी आधी सांगत नाही आणि मग सगळे तीच तक्रार घेऊन येतात. एसीने गार झालेल्या भिंतीला बाहेरची दमट हवा लागली की ती घामेजते, आणि दोन दिवस खोली रिकामी राहिली की कपाटामागे काळे डाग. जिप्समचे खोटे छत कोकणात लावू नका. कपाटांची दारे पट्ट्यांची, तळ जमिनीपासून उचललेला. गिलावा जिथे कराल तिथे चुन्याचा, तो ओल घेतो आणि सोडतो. चिऱ्याची भिंत बिनगिलाव्याची ठेवा आणि सांधे चुन्याने भरा. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागल्यावर कडक होतो, म्हणून खाणीतून आला की लगेच भिंतीत लावू नका, एखादा उन्हाळा पडू द्या.

बांबू वापराच, पण टोपी आणि बूट घालून: वर रुंद छप्पर आणि खाली दगडी पाया. पाऊस लागलेला बांबू टिकत नाही. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडची प्रक्रिया केलेलाच घ्या. कुडाळला कॉनबॅक ही संस्था बांबूचेच काम करते, तिथे जाऊन या. लाकूड नवे तोडू नका. पाडल्या जाणाऱ्या जुन्या घरांचे फणसाचे, ऐनाचे, किंजळाचे खांब आणि वासे अजून मिळतात. केरळात कुमरकोमच्या कोकोनट लगूनमध्ये जुनी लाकडी घरे सुटी करून आणली आणि पुन्हा उभी केली, पाहुणे त्याच जुन्या घरांत राहण्यासाठी तिथे जातात. लाकूडकाम करणारी माणसे गावातली घ्या, कारण दहा वर्षांनी दुरुस्तीला तीच येणार आहेत.

वाऱ्याचा विचार छपरात आजच करा. जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते या दोन्ही वादळांनंतर मी पडलेली छपरे पाहत फिरलो. रुंद पागोळीखाली वारा शिरतो आणि तिला वर उचलतो. म्हणून पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे बांधा. वादळात गेलेच तर पडवी जाईल, माणूस झोपलेली खोली राहील. कडेच्या आणि माथ्याच्या ओळींची कौले तारेने बांधा.

तलाव हवाच असेल तर लहान करा आणि कड्याच्या टोकावरून मागे घ्या. २०० चौरस मीटरच्या उघड्या तलावातून उन्हाळ्यात रोज हजार लिटरच्या वर पाणी उडते, कड्यावरचा वारा ते वाढवतो, आणि वाळूचा फिल्टर धुताना दर वेळी दोन-तीन हजार लिटर जातात. निम्म्या आकाराचा, पश्चिमेला सावली दिलेला, पावसाच्या पाण्याने भरलेला तलाव पुरे. जागेखालच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, कासवे येत असतील तर समुद्राकडे एकही उघडा दिवा नको. तुमच्याच तालुक्यात तांबळडेगला ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात, आणि अंड्यातून निघालेली पिल्ले उजेडाकडे चालतात. गुडघ्याइतक्या उंचीचे, खाली तोंड केलेले पिवळट दिवे चालण्याला पुरतात. अंधार असला की वर तारे दिसतात, आणि मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला ते कुठल्याही झुंबरापेक्षा जास्त आठवतात, हे मी पाहिले आहे.

पैसेवाला पाहुणा येईल का याचे उत्तर मी माझ्या अनुभवातून देतो. त्याला घाम नको असतो, डास नको असतात, आंघोळीला भरपूर गरम पाणी हवे असते, अंथरूण कोरडे हवे असते आणि कोणी त्रास देऊ नये असे वाटते. यातले काहीच वर सांगितलेल्या खोलीत कमी पडत नाही. जाळीची दुहेरी दारे नीट करा, गरम पाण्यासाठी हवेतली उष्णता वापरणारा हीट पंप घ्या, पावसाळ्यात सौर बंबाचा भरवसा नसतो. बारा खोल्यांचा भाडेदर बावीस खोल्यांपेक्षा जास्त ठेवावा लागेल, आणि तो ठेवता येईल, कारण शेजारची खोली दिसत-ऐकू येत नाही याला किंमत आहे. बँकेच्या कागदात बारा खोल्या लहान दिसतात, हे मला माहीत आहे. मग त्याच कागदात रोजच्या तीन टँकरांचा खर्चही मांडा आणि पुन्हा बघा.

आराखडा आज थांबवा. या मे महिन्यात उपसा चाचणी करून घ्या. पहिला मोठा पाऊस पडेल त्या दिवशी छत्री आणि चुन्याची पिशवी घेऊन सड्यावर जा, पाणी जिथे साचते आणि जिथून वाहते तिथे फोटो काढा, पाऊस उघडला की खुणा करा. पायथ्याच्या वाडीत जाऊन कुठला झरा कधी आटतो तेही विचारून घ्या. हे सगळे नकाशावर उतरवून मला पाठवा, मग त्या वाटा मोकळ्या ठेवून बारा खोल्या कुठे बसतात ते आपण दोघे मिळून पाहू.